भिवरेने शिवलेले म्यान

घाटाच्या पायथ्याशी बोरवंड नावाचे गाव आहे. तेथल्या खंडोबाच्या देवळात सहजगिरी महाराज मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकिगत.

भिवरा नावाची विधवा एकदा महाराजांच्या पायांशी येऊन रडू लागली. तिचा नवरा वाटमारी करताना मारला गेला होता. गावात तिला कोणी दारातही उभे करीत नसे. महाराजांनी तिला म्हाताऱ्या सटवाजी चांभाराकडे धाडले. म्हणाले, "त्याच्याकडे सुऱ्यांची म्यानं शिवायला शीक. नारायण पाठीशी आहे."

गाव चपापले. हैबतराव देशमुख तर चावडीवर सर्वांदेखत हसले. "वाटमाऱ्याची बायको म्यानं शिवणार! कुणाच्या सुऱ्यांसाठी, ते सांगायला जोशी नको. बुवांना माणूस कळत नाही."

त्यांनी तिच्या झोपडीवर पाळतीला माणूस ठेवला. सटवाजीचेही मन साफ नव्हते. संध्याकाळ झाली की तो चामडे कापायची रापी आणि टोचायची आरी कुलपात टाकी.

भिवरा शिकत राहिली. पहिले म्यान सैल झाले, सुरी खाली पडली. दुसऱ्याची शिवण पात्यानेच कापली. "शिवणीच्या आतून चामड्याची पट्टी घाल, म्हणजे धार दोऱ्याला लागायची नाही," सटवाजी म्हणाला. मग भिजलेले चामडे पात्यावर दाबून बसवणे तिला हळूहळू साधले. देशमुखांची कट्यार म्यानासाठी आली, तेव्हा सटवाजीची नजर अधू झाली होती. ते म्यान भिवरेनेच नामस्मरण करीत शिवले.

पुढे देशमुखांची लेक सगुणा बाळंतपणासाठी माहेरी निघाली. ती पोहोचलीच नाही. घाटात गाडी सापडली, आस मोडलेला. बैल नाहीत, माणूस नाही!

"हिनंच वाटमाऱ्यांना खबर दिली!" जीव घेऊन पळालेल्या भिवरेच्या मागे देशमुख देवळात घुसले.

"म्हाराज, म्या काय बी केलं न्हाई!" तिने महाराजांचे पाय धरले.

"हैबतराव, डोळ्यांनी पाहिलंत?" महाराजांनी विचारले.

"पाहायचं काय उरलंय?" देशमुखांनी कट्यारीला हात घातला. कट्यार निघेना! त्यांनी गुडघ्यात धरून ओढली, बरोबरच्या गड्याने ओढली. पाते तसूभरही हलेना.

"चेटकिणी, काय शिवलंस यात?"

महाराज डोळे मिटून होते. त्यांचा हात भिवरेच्या मस्तकावर होता.

इतक्यात एक धनगर धावत आला. "सरकार, ताईसाब आमच्या धनगरवाड्यावर हायती! घाटात आस मोडला अन् कळा सुरू झाल्या. गाडीवानानं बैलं सोडून आमच्याकडं आणलं. ल्योक झालाय, दोगं बी खुशाल हायती!"

देशमुखांच्या हातून कट्यार म्यानासकट गळून पडली.

"भिवरे, बघ गं तुझं म्यान," महाराज म्हणाले. तिने मूठ दोन बोटांनी धरली आणि पाते लोण्यातून यावे तसे बाहेर आले. ती लखलखती धार देशमुख पाहत राहिले. नातू जन्मला त्याच दिवशी हातून काय घडले असते!

"महाराज, क्षमा करा," म्हणत ते पायांवर कोसळले.

"अपराध माझा केला नाहीत," महाराज शांतपणे म्हणाले.

देशमुखांनी पागोटे काढून भिवरेच्या पायांशी ठेवले. ती दचकून मागे सरली. यातही काही कावा असेल, असे तिला वाटले.

"पोरी, आता तूही संशय सोड," महाराज म्हणाले.

तिने पागोटे उचलून पुढे केले. ते घेण्याआधी हैबतराव देशमुखांनी, भर देवळात, तिच्यापुढे कपाळ जमिनीला टेकवले.