मातीने लपवलेलं तेल

डोंगरावरच्या गावात पहिल्यांदा सडक पोहोचली, त्या काळची गोष्ट. भिवाजी ड्रायव्हरचा एक डिझेल ट्रक होता. एका हिवाळ्यात त्या ट्रकच्या इंजिनाचं तेल अडवणारं रबरी सील कडक होऊन चिरलं आणि तेल ठिबकू लागलं. ट्रक घाबरला. तेल गळतं म्हणून शेजारचा ट्रक भंगारात गेलेला त्याने पाहिला होता.

"मातीबाई, हे कुणाला दिसू देऊ नकोस," तो चाकांखालच्या मातीपुढे काकुळतीला आला.

मातीला दया आली. पडेल तो थेंब ती पिऊन टाकायची आणि इंजिनाच्या ओल्या अंगावर धूळ चढवायची.

इंजिनच तेल खातंय असं समजून भिवाजी वरून तेल ओतायचा, पण ते पुरेना. आतले भाग घासत गेले. थंडीत सकाळी ट्रक सुरूच होईना, नुसता धापा टाकायचा. भिवाजीने फिटर उस्मानभाईंना आणलं. ते खाली वाकले.

"जमीन तर कोरडी आहे. गळती नाही. बॅटरी बदलून बघू."

"अजून तरी सांग रे," माती कुजबुजली. ट्रकने तिचं ऐकलं नाही.

नव्या बॅटरीच्या जोरावर तो निघाला आणि घाटाच्या चढावर इंजिन जाम झालं. पुन्हा बोलावलेल्या उस्मानभाईंनी इंजिनावरची धूळ पुसली, चिरलेलं सील तळहातावर घेतलं.

"एवढंच होतं! वेळेत दिसलं असतं, तर बदलून दिलं असतं. आता इंजिन गेलं."

भिवाजी बॉनेटवर डोकं टेकून रडला. "काय दुखतंय ते कळू तरी द्यायचंस, गड्या."

ट्रकला आता सगळं सांगायचं होतं. पण त्याचा आवाज इंजिनातच होता.