सावळखेडचा पाहुणा म्हसोबा

बसा पाहुणे, चपला मात्र ओट्याखाली काढा. समोर शेंदराचा तांदळा, तो बिनघडीव दगड, दिसतोय ना, तो म्हसोबा आमच्या सावळखेडचा नव्हे. तो वरच्या करंजदरचा. आणि आमचा भैरोबा तिकडे करंजदरात बसलाय. असं का, म्हणून येणारा प्रत्येकजण विचारतो. सांगतो, ऐका.

ओढा एकच. करंजदर वर, सावळखेड खाली, मध्ये बंधारा आणि त्यातून निघालेला पाट. आठ दिवस पाणी त्यांना, आठ दिवस आपल्याला, अशी पाळी ठरलेली. ठरलेली म्हणायची फक्त! पाळी संपली तरी करंजदरकर पाट आपल्याच शेतात वळवायचे, आणि सावळखेडकर जाऊन बंधारा फोडायचे. मग सगळं पाणी वाहून जायचं, ना ह्यांना ना त्यांना. अक्कल तेवढी देवानं दोन्ही गावांना सारखी वाटली होती.

चिंधाबाई सावळखेडची लेक आणि करंजदरची सून. आदल्या वर्षी ह्याच मारामारीत तिचा सासरा बंधाऱ्यावर डोकं फुटून गेला होता. आता पुन्हा गहू ओंबीवर, सावळखेडचा पाट कोरडा, आणि तिचा नवरा रायभान कुऱ्हाडीला धार लावत बसलेला. खाली माहेरी भाऊ झिपरूही तेच करत असणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं. एकतर कपाळ पुसलं जाणार, नाहीतर भाऊबीज कायमची बंद होणार.

ती भावाकडे गेली. तो म्हणाला, "आधी तुझ्या नवऱ्याला सांग." नवऱ्याकडे आली. तो म्हणाला, "आधी तुझ्या भावाला सांग." हेलपाटे घालून घालून बाई मेटाकुटीला आली, म्हणे. शेवटी एकदाची दोन्ही गावं शपथेला तयार झाली. करंजदरकरांनी आपल्या म्हसोबापुढे बेलभंडार उचलला, सावळखेडकरांनी आपल्या भैरोबापुढे. एक दिवस पाणी खाली गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधाबाई पाहते तर पाट पुन्हा वळवलेला, आणि रायभान म्हसोबापुढे नारळ फोडतोय.

"हे काय?" तिनं विचारलं.

"चुकलो, म्हणून सांगितलं देवाला."

"आणि त्यानं ऐकलं?"

"आपला देव आहे. आपल्याला नाही पदरात घेणार, तर कोणाला?"

तिथं तिचं डोकं सणकलं, असं सांगतात. गडीमाणसं बंधाऱ्याकडे निघाली, तशी तिनं तांदळा उचलून पाटीत घातला, लुगड्यानं झाकला, आडवाटेनं माहेर गाठलं आणि भैरोबाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. भैरोबाला पाटीत घेतलं आणि तशीच बंधाऱ्यावर आली. भर दुपारी दोन्ही गावं कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभी होती. ती मध्ये घुसली.

"तुमचा म्हसोबा मी सावळखेडात बसवलाय," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याला रोज आंघोळ लागते. पाट सोडलात तर होईल, नाहीतर बसू दे पारोसा! आणि झिपरू, तुमचा भैरोबा हा पाटीत. ह्याला करंजदरात बसवते. फोडा आता बंधारा, आणि नारळ घेऊन या ह्या करंजदरकरांच्या दारात माफी मागायला!"

बाईमाणसानं देव हलवला म्हणून दोन्हीकडून शिव्यांचा भडिमार झाला. पण कुऱ्हाड कोणी उगारेना, तिच्या डोक्यावरच्या पाटीत देव होता. जाणती माणसं म्हणाली, बसलेला देव उठवायला दोन्ही गावांचा होकार लागतो. आणि ह्या दोन गावांचं कधी एकमत झालंय?

तिनं भैरोबा करंजदरात नेऊन बसवला, आणि संध्याकाळी करंजदरकरांनी मुकाट्यानं पाट सोडला. गहू भरला. रायभान जगला, झिपरूही जगला, आणि दोघांनीही चिंधाबाईला दार बंद केलं. ती बंधाऱ्यावर खोपटं बांधून राहिली आणि तिथंच गेली, म्हणे.

आजही पाळीचा बेलभंडार परक्या गावात जाऊन उचलावा लागतो. ते नाक मुरडत इथं येतात, आम्ही दात-ओठ खात तिकडे जातो. दर वर्षी बाचाबाची ठरलेली, पण बंधारा पुन्हा फुटला नाही. चिंधाबाईच्या नावाचा मात्र साधा दगड कुठं नाही. बंधाऱ्यावर एक बसवा, म्हणून बोलून बोलून माझं तोंड दुखलं. आमची माणसं म्हणतात, दिलेली लेक, ती करंजदरची. करंजदरकर म्हणतात, आमचा देव पळवला, ती सावळखेडचीच.