तिसऱ्या पेवातली कच्ची हळद

एका राज्यात हळद इतकी पिके, की वाटसरूंचे पायसुद्धा पिवळे होत. पण तिथला राजा हेमांगद भारी हट्टी, आणि राजहट्टापुढे कुणाचं काय चालणार? त्यानं हुकूम काढला, "औषध यापुढे माझ्याच हातून मिळेल. घराघरांतली हळद खणा, शिजवा आणि माझ्या तीन पेवांत भरा. बेण्यालाही ठेवू नका. कच्चा गड्डा कुणी राखला, तर त्याचा हात तोडीन." शिजलेल्या हळदीला कोंब फुटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कुणी पुन्हा लावूच नये, हाच तर त्याचा डाव!

शेवटचं बेणं खणलं त्या दिवशी वेशीत एक जोगीण उभी राहिली. म्हणाली, "राजा, बेणं गिळलंस. आता तुझ्या राज्यात कुणाचीच जखम भरणार नाही, तुझीसुद्धा. तुझ्या पेवातली हळद कोंब फुटून उजेडात येईल, तेव्हाच शाप सुटेल." एवढं बोलून ती जागच्या जागी मातीत मिसळली. जमिनीखालच्या त्या तीन खोल पेवांवर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि माणसासारखा बोलू लागला.

राजा हसला. हसत हसत तलवार म्यान करताना त्याचा तळवा चिरला, तो पुन्हा मिटला नाही.

त्याच संध्याकाळी गिरजाच्या लेकीच्या, तुळसाच्या पायावर विळा बसला. गिरजा राजाच्या कायलीवर, त्या मोठ्या कढईवर, हळद शिजवणारी बाई. कायलीत हळद ओतलेली, खाली जाळ पेटायचा होता, तोच पोरीची किंकाळी आली. गिरजा सगळं टाकून धावली. परत येऊन पाहते, तर शिपायांनी ती हळद तशीच उचलून तिसऱ्या पेवात लोटलेली आणि वर शिळा सरकवलेली. काडी टोचून शिजली की नाही, हे पाहायचं भान त्यांना कुठलं! हात जाईल या भीतीनं गिरजा गप्प बसली.

चार महिने गेले. तुळसाच्या पायाची जखम काळी पडत वर सरकली. वैद्य म्हणाले, "गुडघा ओलांडला, की पोर हाती लागायची नाही." आता बोटभर अंतर उरलं होतं.

इकडे राजाचाही तळवा सडू लागला. त्यानं पेवं उघडायला लावली. पहिल्या पेवातून राजवैद्यानं चकचकीत हळकुंडं काढून मातीत पुरली. ती कुजली. दुसऱ्या पेवातून सेनापतीनं काढली, वर दुधाचं पाणी घातलं, आणि तासातासाला उकरून पाही. पी हळद नि हो गोरी! तीही कुजली.

तिसऱ्या पेवाची शिळा मात्र शंभर माणसांना हलेना.

भारद्वाज बोलला, "आत काय आहे ते खरं सांगा. शिळा उठेल."

राजा म्हणाला, "माझी उत्तम शिजलेली हळद."

शिळा ढिम्म.

गर्दीत गिरजा उभी होती, पाठीवर तापानं फणफणलेली लेक. तिनं तुळसाच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"कच्ची आहे," ती ओरडली. "महाराज, माझ्या हातून चूक झाली. ती हळद शिजलीच नाही!"

शिळा आपोआप बाजूला झाली.

गिरजानं दोरानं दिवा आत सोडला. तो विझला. आतली हवा मारणारी होती. तिनं कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधले आणि वरखाली, वरखाली घुसळत राहिली. दुसऱ्यांदाही दिवा विझला. तिसऱ्यांदा तगला, आणि ती उतरली.

आत पांढुरके कोंब अंधारात वाट शोधत उभे होते. गिरजा रडली. ओंजळभर गड्डे घेऊन वर आली, तर समोर राजा नागवी तलवार घेऊन.

"हुकूम म्हणजे हुकूम," राजा म्हणाला. "हात पुढे कर."

"करते, महाराज. पण आधी लेकीला लेप लावू द्या."

तिनं सहाणेवर ओली हळद उगाळली आणि जखमेवर लावली. काळं मागे सरलं, कातडी जुळली. तुळसा म्हणाली, "आये, भूक लागली." गिरजानं लेकीला पोटाशी धरलं, मग उठली आणि आपला पिवळाधमक उजवा हात राजापुढे धरला.

तलवार उचलायला गेलेला राजाचा तळवा आणखी उलला. रक्ताची धार लागली. गिरजानं राजाचा हात ओढला आणि त्याच बोटांनी त्यावर हळद लावली.

"जळतंय," राजा म्हणाला.

"जळू द्या. भरतंय ते."

जखम मिटली. राजानं मूठ वळून, उघडून पाहिली. "मी चुकलो, बाई," तो म्हणाला. मग त्यानं तलवारीच्या टोकानं पेवाशेजारच्या मातीत सरी ओढली. त्या सरीत गिरजानं पहिला गड्डा लावला, आणि भारद्वाज उडून गेला.

बाकीचे गड्डे दारोदारी वाटले. तेव्हापासून त्या राज्यात कायल पेटवण्याआधी पहिली ओंजळ कच्चीच बाजूला काढतात, आणि तिला म्हणतात गिरजाची चूक.