काळ्या शिळेतले आवाज

एका राज्यात, डोंगरापलीकडे, चंपावन नावाचे बन होते. पुरुषांवर जीव जडलेले पुरुष आणि स्त्रियांवर जीव जडलेल्या स्त्रिया तेथे निर्भयपणे जमत. पण सभेत भांडणे फार होत. म्हणून बनाची प्रमुख मंदारिका हिने एका मांत्रिकाकडे शांतता मागितली. त्याने बनात काळी शिळा रोवली. तेव्हापासून सभेत जो विरोध करी, त्याचा आवाज त्या शिळेत जाई.

एके दिवशी मंदारिकेने फर्मावले, "ज्या जोडप्याच्या वयात दहा वर्षांहून अधिक अंतर, त्याने बन सोडावे. थोरले धाकट्यांना फसवतात."

सौदामिनी मृदंग मढवीत असे, वय छप्पन्न. तिची सखी कुंतला होडी वल्हवी, वय एकतीस. कुंतला उठली.

"ठरवता आहात माझ्याविषयी, आणि मला विचारले नाही. हिला मी निवडले आहे."

एवढे बोलली आणि तिचा आवाज शिळेत गेला. ओठ नुसते हलत राहिले.

सौदामिनी तीन डोंगर ओलांडून मांत्रिकाच्या गुहेपाशी पोचली. मांत्रिक केव्हाच मेला होता. दारात त्याचा राघू बसला होता.

"शाप कसा उतरेल?" तिने विचारले.

राघू म्हणाला, "एकाच गोष्टीसाठी तीन आवाज गेले, तर शिळा फुटेल. तिसरा मात्र अशाचा हवा, ज्याला तुमचे म्हणणे पटत नाही. त्याला विनवायचे नाही."

पुढच्या सभेत सौदामिनी म्हणाली, "कुंतलेचे ऐकून घ्या. मग खुशाल आम्हांला घालवा."

तिचाही आवाज गेला. सारे मान खाली घालून बसले. दोघी हात धरून निघाल्या.

तोच भानुदत्त उभा राहिला. तो गवई होता. गळ्यावरच त्याचे पोट.

"विशीत असताना एका वयस्क सरदाराने मला सहा वर्षे धाकात ठेवले. मला हा नियम हवा आहे. पण तेव्हा मलाही कोणी बोलू दिले नव्हते. हिला बोलू द्या."

त्याचा आवाज गेला आणि शिळा तडकून फुटली. तीन आवाज परतले, त्यांच्यामागून जुने कितीतरी.

मंदारिका आसनावरून खाली उतरली. "चूक माझी. बोल, कुंतले."

कुंतला बोलली. भानुदत्ताने तिला सात प्रश्न विचारले; तिने सातांचीही उत्तरे दिली. शेवटी नियम बदलला : धाकट्याची तक्रार आधी ऐकावी, आणि न विचारता कोणाला घालवू नये. तक्रारी ऐकण्याचे काम भानुदत्ताने मागून घेतले. सौदामिनी आणि कुंतला बनातच राहिल्या.

त्या दिवशी एवढा गलबला उठला की राजाने शिपाई धाडला. तो परतून म्हणाला, "महाराज, चिंता नसावी. चंपावनातली माणसे बोलू लागली आहेत."