गोमतीचे विरजण

काशीदेशात एक राजा सुखाने राज्य करीत होता. त्या काळी नगराबाहेरच्या गवळवाड्यात, गोमती नावाच्या गवळणीच्या पोटी बोधिसत्त्वाने जन्म घेतला. त्याचे नाव सुभद्रक. सोणक थोरला, उत्पला मधली आणि हा धाकटा.

गोमतीकडे धुराने काळे पडलेले एक गाडगे होते. लग्नात माहेराहून तिने ते विरजणासकट आणले होते. रोज सांजेला त्यातले थोडे काढून ती दुधाला लावी आणि नव्या दह्यातले थोडे पुन्हा गाडग्यात ठेवी. अशा रीतीने तिच्या आजीच्या हातचे दही तिच्या नातवंडांच्या पानात पडत होते.

दिवेलागणीनंतर विरजण कुणाला द्यायचे नाही, घरची लक्ष्मी जाते, अशी गवळवाड्यात समजूत होती. गोमती मात्र देई. सोणक आणि उत्पला कपाळाला आठ्या घालत, म्हणून ती सुभद्रकाच्या हाती वाटी देऊन त्याला मागच्या दाराने पाठवी.

गोमती वारली. गुरांची आणि कुरणाची वाटणी तंटा न होता झाली. गाडग्यापाशी सगळे अडले.

"थोरला मी. आईची चूल माझ्या घरात, तर गाडगंही इथंच राहील," सोणक म्हणाला.

"आईनं ते माहेराहून आणलंय. ते लेकीलाच मिळायला हवं. वहिनीनं तिच्या आईकडनं आणावं," उत्पला म्हणाली.

खरे दुखणे वेगळेच होते. दोघांनाही आई हवी होती, आणि ती आता त्या गाडग्याएवढीच उरली होती.

अखेर पंचांचा निवाडा होईपर्यंत गाडगे सुभद्रकाकडे ठेवायचे ठरले. तो म्हणाला, "दादा, विरजण आहे ते. त्याला रोज दूध लागतं. निदान तेवढं घालू द्या."

"म्हणजे तुझ्या गाईचं दूध घालणार, आणि उद्या म्हणणार, दही माझं!" उत्पला कडाडली. सोणकालाही ते पटले. भांडण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांचे एकमत झाले, तेही नेमके यावर! त्यांनी गाडग्याच्या तोंडाला फडके बांधले आणि गाठीवर लाख ओतली. जन्म दुधादह्यात गेलेली ही माणसे, पण रागापुढे शहाणपण कुठे सुचते? सुभद्रकाने दोघांना पुन्हा विनवले. शेवटी फडके न सोडण्याचा शब्द त्याने दिला आणि तो पाळला.

पंचांना सवड मिळेपर्यंत महिना गेला. फडके सोडले तेव्हा आत हिरवी बुरशी होती. उत्पला मटकन खाली बसली. आई गेली तेव्हा रडला नव्हता इतका सोणक रडला.

सुभद्रकाला मात्र एक वाटी आठवत होती. गावाबाहेरच्या बुरूडवस्तीत दिवी नावाच्या म्हातारीकडे त्यानेच ती पोचवली होती. भावंडांना त्याचा पत्ता नव्हता. एकट्याने जाऊन मागितले, तर आईचे दही एकट्याच्या घरी लागेल आणि कोणी बोलही लावणार नाही, असे त्याच्या मनात येऊन गेले. मग त्याला वाटी पुढे करणारा आईचा हात आठवला.

"उठा," तो म्हणाला, "आपल्याला विरजण मागायला जायचंय."

ते पोचले तोवर दिवे लागले होते. सोणक दाराबाहेर घुटमळला. "आजी, ही वेळ नव्हे मागायची..."

"तुझ्या आईनं अशाच वेळी दिलं होतं, बाबा. सून बाळंतीण होती माझी. तेव्हापासून खंड पडू दिला नाही."

म्हातारीने तिघांच्या हातांवर थोडे थोडे दही घातले. उत्पलाने ते जिभेवर ठेवले आणि सोणकाचा हात घट्ट धरला. चव आईचीच होती.

मग तिने वाट्यांत घालून दिलेले ते विरजण तिन्ही घरांत लागले. काळे गाडगे धुऊन, उन्हात तापवून त्यांनी वेशीजवळच्या ओट्यावर ठेवले. तिघे पाळीपाळीने ते भरत. दिवेलागण होवो की न होवो, ज्याला हवे तो नेई.

एवढी कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोरच्या दोन भिक्षूंकडे पाहिले. दिवंगत गुरूंचे भिक्षापात्र मधे होते आणि दोघांचेही हात त्यावर होते.

"सोणक आणि उत्पला तेव्हा तुम्हीच होता. आज सकाळी जिने तुम्हा दोघांना दहीभात वाढला, ती म्हातारी म्हणजे दिवी. सुभद्रक मी होतो."

"आणि ती आई?" एकाने विचारले.

"ज्यांचं पात्र तुम्ही दोन्हीकडून ओढता आहात, ते."

भिक्षूंचे हात सुटले. लेकरांनी कोंडून ठेवले ते नासले, आणि आईने देऊन टाकले होते तेवढेच त्यांना परत मिळाले. याला दान म्हणतात.