दसऱ्याला येणारी चिप

विणकरांच्या एका गावात केराबाईचं एकच गाऱ्हाणं होतं. तिचं म्हणणं कोणी खरं मानतच नसे.

गावात मागावर साड्या विणत. व्यापाऱ्यांना दर हंगामाला नवा काठ लागे. त्याची नक्षी सोसायटीतल्या जुन्या, रखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरांवर काढत. सोसायटीचा चेअरमन होता विश्वंभर, केराबाईचा पाठचा भाऊ. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला.

एकदा कॉम्प्युटरची चिप बनवणाऱ्या कंपनीचा साहेब टीव्हीवर म्हणाला, की नव्या चिपचं काम चांगलं चाललंय, दसऱ्यापर्यंत ती तयार होईल अशी आशा आहे. विश्वंभरनं गावात सांगितलं, दसऱ्याला नवी चिप दुकानात. जुन्या कॉम्प्युटर मशिनींना नंतर कोण विचारणार, म्हणून त्यानं त्या विकायला काढल्या.

केराबाई सोसायटीच्या दारात जाऊन उभी राहिली. "पाहुणे मुलगी बघून गेले, कळवतो म्हणाले. तेवढ्यावर मांडव घालता का रे?"

सगळे हसले. "आक्का, तू आपला धोटा सांभाळ," विश्वंभर म्हणाला. मशिनी गेल्या.

दसरा आला, चिप काही आली नाही. नवा काठ नाही म्हणून माग थांबले. लग्नसराईचं काम व्यापाऱ्यांनी दुसऱ्या गावाला दिलं. विणणारे हात वीटभट्टीवर जाऊ लागले. केराबाईच्या मागावर कोळ्यांनी जाळी धरली.

सभा भरली. जो तो कंपनीच्या नावानं बोटं मोडत होता. विश्वंभर म्हणाला, साहेब परवाच बोललाय, गुढीपाडव्याला चिप नक्की. तेवढं थांबू, जुनं काही घ्यायला नको. पुन्हा माना डोलल्या.

आपण गप्प बसलो तर भावाची अब्रू राहील आणि गाव बसेल, हे केराबाईला कळलं. ती उठली.

"साहेब नक्की म्हणाला?"

विश्वंभरनं मान खाली घातली. "आशा आहे, म्हणाला."

"आणि दसऱ्याच्या वेळी?"

"तेच."

"मग नक्की कोण म्हणालं?"

विश्वंभरच म्हणाला, "मी, आक्का."

जुन्या मशिनी पुन्हा विकत आणायचं त्याच सभेत ठरलं. केराबाईनं घरी येऊन मागावरची जाळी झाडली. त्या रात्री तिला भाकरी गेली नाही.

तात्पर्य: घडवणारा आशा सांगतो, ऐकणाऱ्यानं ती आशाच समजावी. तिची पक्की तारीख करून गावाला सांगणारा आपल्या रक्ताचा असला, तरी दोष कंपनीला देऊ नये. नाव घ्यावं ते विश्वंभरचं.