सतरावं पान

"पण मास्तर, तो अंक तुम्ही हणमंतच्याच हाती का दिलात?"

तीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न. चहा येईपर्यंतही श्रीरंगला दम निघाला नाही.

गुडाळकर मास्तर एके काळी 'पंचवीर' ही चित्रकथा काढत. पाच अचाट वीरांचं पथक, दर महिन्याला एक अंक. पुढे नजर अधू झाली तसा त्यांनी अडतिसावा अंक शिष्याकडे सोपवला. शिष्य दोन होते, श्रीरंग आणि हणमंत; अंक एक.

मोठा अधलामधला अंक होता तो. जुने वीर निवृत्त होतात, नवे अजून धड उभे राहिलेले नाहीत. वाचकांनी तेव्हा भरपूर नावं ठेवली. आता त्याची नवी आवृत्ती निघणार होती, आणि एव्हाना श्रीरंगचं नाव हणमंतच्या कितीतरी पुढे गेलं होतं.

"काल पुन्हा वाचला," श्रीरंग म्हणाला. "कच्चं काम आहे. सगळा अंक मला नव्याने काढू द्या. तुम्ही हो म्हणालात तर प्रकाशक तयार आहेत."

"हणमंतला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं..."

श्रीरंगने पिशवीतून तो अंक काढून मास्तरांपुढे ठेवला.

"खरं सांगू? जळतो मी त्याच्यावर. बक्षिसं सगळी मला मिळाली. पथक मात्र तुम्ही त्याला दिलंत."

"कच्चं कुठे वाटलं?"

"सतराव्या पानावर. म्हातारा वज्रबाहू मुखवटा उतरवून त्या नव्या मुलीला देतो तिथे. सोळा पानं त्याच्या झग्याची गाठ उजव्या खांद्यावर, आणि इथे डाव्या. शाळकरी चूक आहे, मास्तर."

मास्तरांनी चाचपडत एक कोरा कागद पुढे सरकवला. वर पेन्सिल ठेवली.

"तुझं सतरावं पान काढ."

श्रीरंगने बाह्या सरसावल्या. हात झरझर चालला, एकदाही खोडरबर लागलं नाही. अर्ध्या तासात पान उभं राहिलं. स्वारी खूश होती.

"आता त्याचा अंक उघड," मास्तर म्हणाले. "शेजारी ठेव."

श्रीरंगने ठेवला...

तीच चौकट. तसाच किंचित वाकलेला म्हातारा. मुलीचा तसाच, घ्यावा की नको अशा संभ्रमात पुढे आलेला हात. झग्याची गाठ डाव्या खांद्यावर.

श्रीरंगच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"मास्तर, हे तर त्याचंच पान आलंय... मी नक्कल करत नव्हतो."

"ठाऊक आहे मला."

"मग माझं पान कुठलं?"

मास्तरांनी चाचपडून श्रीरंगचा कागद उचलला. मग त्याची सुरळी केली आणि श्रीरंगच्या हातात दिली.

"हणमंतला नेऊन दे. दर दिवाळीला येतो आणि एकच विचारतो... माझं काम श्रीरंग बघतो का."